‘गिव्ह अप’ आणि ‘देणे’ : झाशीच्या एका वाक्याच्या अनुषंगाने

इंग्रजीतील ‘गिव्ह अप’ या क्रियापदाला मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही. तंबाखू ‘सोडतात’, किल्ला ‘स्वाधीन करतात’, रुग्णाबाबत वैद्य ‘हात टेकतात’, फरारी गुन्हेगार ‘स्वतःहून हजर होतो’. इंग्रजी भाषक या सर्व ठिकाणी ‘गिव्ह’ला ‘अप’ जोडून मोकळा होतो. हातची गोष्ट पूर्णतः सुटणे हा यांतील समान अर्थ. तो ‘अप’मुळे येतो, नुसत्या ‘गिव्ह’मध्ये तो नाही.

या क्रियापदाचा एक वापर झाशीशी निगडित आहे. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव निवर्तल्यावर डलहौसीने दत्तकविधान अमान्य केले आणि १८५४ साली संस्थान खालसा झाले. त्याच वर्षी राणी लक्ष्मीबाईंनी जॉन लँग या वकिलास सल्ल्यासाठी झाशीस बोलावले. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात लँगने राणीचा हिंदुस्थानी उद्गार रोमन लिपीत नोंदवला आणि त्यातील नकारार्थी ‘देना’साठी ‘गिव्ह अप’ योजले.

हे भाषांतर सदोष म्हणता येत नाही. मराठीत व हिंदीत पूर्णत्व दाखवण्यास सहायक क्रियापद लागते: ‘देऊन टाकले’, ‘दे दिया’. परंतु वाक्य नकारार्थी होताच हे सहायक बहुधा गळते. ‘किल्ला देऊन टाकला’ याचा नकार ‘किल्ला दिला नाही’ असाच होतो. (‘सोडून देणे’ रूढ झाल्यामुळे नकारातही टिकते, हा अपवाद.) इंग्रजी ‘अप’ मात्र नकारातही कायम राहते. म्हणजे लँगने अधिकचे काही घातले नाही. मूळ भाषेच्या व्याकरणाने जे झाकले होते ते त्याने उघड केले.

अडचण उलट दिशेने येते. ‘गिव्ह अप’चे ‘सोडणे’ करण्याचा मोह अनुवादकास होतो. भाडेकरू घर ‘सोडतो’, मालक घर ‘देतो’. सोडण्यास केवळ ताबा पुरतो, देण्यास स्वामित्व लागते. इंग्रजी क्रियापद हा भेद करीत नाही. वाद तर नेमका स्वामित्वाचाच होता: झाशी हे कंपनीच्या अनुग्रहाने चाललेले आश्रित संस्थान असून औरस वारसाअभावी ते कंपनीकडे परत येते, असा डलहौसीचा पक्ष होता. राणीची मातृभाषा मराठी. तिचे वाक्य त्या भाषेत आणताना ‘झाशी सोडणार नाही’ असे लिहिले, तर तिचा हट्ट तेवढा उरतो, हक्क नाहीसा होतो. तेथे ‘देणार नाही’ हेच हवे.