गाडीवेड्यांचे मराठी संकेतस्थळ कसे असावे?

आमच्या आरमोरीत ‘हिरव्या कमांडर जीपवाल्यांचे घर’ एवढे सांगितले की पाहुणा बरोबर दारात पोहोचतो. वडसा, ब्रह्मपुरी, गडचिरोली, वैरागड अशा चारी वाटांनी इथे गाड्या येतात आणि एखादी जुनी, नीट राखलेली जीप चौकात वळली की पानठेल्यावरची माणसे बोलणे अर्धवट टाकून तिच्याकडे पाहतात. वनखात्याची जीप, तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराची जीप, दिवाळीनंतर मंडईच्या जत्रांच्या दिवसांत वडशाच्या नाटक कंपन्यांचे सामान ओढणाऱ्या गाड्या, प्रवाशांची काळी-पिवळी. या भागाला गाडीचे वेड लागले ते गरजेच्या पोटी. २६ ऑगस्ट १९८२ला गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला, पुढे १९८९च्या नव्या क्रमांक-पद्धतीत आम्हाला एमएच ३३ मिळाला आणि चंद्रपूरला एमएच ३४. दूर कुठे पुण्याला किंवा हैदराबादेला ३३ची पाटी दिसली की आजही माझा हात आपोआप वर जातो.

असे वेड असलेल्या माणसाने आपल्या गाडीबद्दल मराठीत काही शोधायला घेतले, तर त्याच्या हाती काय लागते? नव्या मॉडेलच्या किमती, रंगांची यादी आणि इंग्रजीवरून घाईने उतरवलेली वाक्ये. वीस-तीस वर्षांपूर्वीची जीप सांभाळणाऱ्याला जे हवे असते ते आरमोरी, वडसा, ब्रह्मपुरीच्या मिस्त्रींच्या डोक्यात आहे. पडद्यावर ते कुठेच नाही. गाडीवेड्यांसाठी मराठी संकेतस्थळ कसे असावे, हा विषय म्हणूनच कित्येक वर्षे माझ्या मनात घर करून आहे. जो फोन हातात आहे, जी रेंज गावात आहे, जी भाषा गॅरेजात बोलली जाते आणि जी गाडी दारात उभी आहे, या चार गोष्टींना धरून ते बांधले तरच ते लोकांचे होईल, असे माझे ठाम मत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. टिम बर्नर्स-ली यांचे जगातले पहिले संकेतस्थळ १९९१चे. वस्तू वापरणाऱ्याची चूक बहुतेक वेळा वस्तूच्या रचनेची चूक असते, हे डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८च्या पुस्तकात पटवून दिले. याकोब निल्सन यांनी १९९४मध्ये सोप्या रचनेची दहा सूत्रे मांडली आणि ती आजही शिकवली जातात. आपल्याकडे मुंबईच्या टीम-बीएचपी या संकेतस्थळाने २००४पासून मालकांचे खरे अनुभव नीट भाषेत, विषयवार लावून ठेवण्याचा वस्तुपाठ घालून दिला. पण तो इंग्रजीत आहे.

आता मुद्द्यावर येतो. आपला वाचक कुठे बसून वाचतो? तो बसलेलाच नसतो. तो उन्हात बॉनेट उघडून उभा असतो, एका हाताला ऑइल लागलेले असते आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोन चालवत असतो. गाड्यांची बहुतेक संकेतस्थळे काळ्या पार्श्वभूमीवर लाल-राखाडी अक्षरे मिरवतात. ते रंग रात्री खोलीत छान दिसतात, एप्रिलच्या उन्हात मात्र एक अक्षर लागत नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक इतका फरक हवा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आमच्या उन्हासाठी मी त्याहून जास्त ठेवीन. पांढऱ्यावर गडद अक्षर, बस. बटण पडद्यावर निदान ९ मिलिमीटरचे असावे, म्हणजे तेलकट अंगठा शेजारच्या बटणावर पडणार नाही.

दुसरा प्रश्न रेंजचा. मराठीचे प्रत्येक चिन्ह संगणकात ३ बाइट जागा घेते. तरीही दीड हजार शब्दांचा सबंध लेख ३० केबीच्या आसपास मावतो. उलट फोनने काढलेला एकच फोटो ३-४ एमबीचा असतो, म्हणजे शंभर लेखांएवढा. कुरखेड्याच्या पुढे जंगलात रेंजची एक काडी दिसते, तिथे शंभर लेख येतील, तो फोटो येणार नाही. म्हणून आधी मजकूर यावा, फोटो लहान करून यावा आणि मोठा फोटो मागितला तरच उघडावा. एकदा उघडलेले पान रेंज गेल्यावरही फोनमध्ये राहिले पाहिजे. ही सोय आज सहज करता येते आणि जंगलातल्या जिल्ह्यासाठी मी ती पहिल्या क्रमांकाला ठेवतो.

यानंतर माझा आवडता भाग येतो: ‘माझी गाडी नेमकी कोणती?’ हे पान. आजोबांची जीप नातवाच्या वाट्याला येते तेव्हा तिचे नाव, साल, इंजिन यांबाबत घरात चार मते असतात. आर.सी. बुकात एक इंजिन, बॉनेटखाली दुसरेच. अशा वेळी वर्षांची यादी पुढे करण्याऐवजी संकेतस्थळाने डोळ्यांना दिसणारे प्रश्न चित्रांसह विचारावेत. पहिला प्रश्न: बॉनेट उंच आहे का? उंच, डब्यासारखे बॉनेट म्हणजे सीजे-३बीची घडण. अमेरिकेत विलीस कंपनीने १९५३मध्ये नवे, उंच ‘हरिकेन’ इंजिन बसवायला बॉनेट वर उचलले आणि महिंद्राने तीच घडण पुढे कित्येक वर्षे आपल्याकडे चालवली. दुसरा प्रश्न: पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर किती? टेप लावा. ८० इंच आले तर सीजे-३बी, ९१ इंच आले तर महिंद्राच्या एमएम ५४०चे घराणे. त्याहून बरेच लांब आणि मागे समोरासमोर बाकडी असतील तर कमांडरकडे वळा. दोन उत्तरांत निम्मा गोंधळ मिटतो आणि माणसाला फक्त एक टेप लागतो.

तिसरा प्रश्न इंजिनाचा. इथे मला चित्रापेक्षा आवाज जास्त विश्वासाचा वाटतो. आमच्याकडे डिझेल जीपमध्ये दोन इंजिने पुन्हापुन्हा भेटतात: प्यूजोचे २,११२ सीसीचे एक्सडीपी आणि महिंद्राचे २,५२३ सीसीचे एमडीआय. प्यूजोमध्ये डिझेल आधी बाजूच्या छोट्या कोठडीत पेटते आणि मग सिलिंडरमध्ये येते, त्यामुळे आवाज मऊ असतो. पण थंडीच्या पहाटे हीटर दिल्याशिवाय ते उठायला कुरकुर करते. एमडीआयमध्ये डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारले जाते. ते चटकन सुरू होते, ओढीला दणकट असते आणि आयडलिंगला खडखड करते. ज्याच्या कानात हा फरक बसला, तो डोळे मिटून इंजिन सांगतो.

आमच्या इथले एक वयस्क मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाच्या हाडाला टेकवून ऐकतात. गाडी ‘मिस’ मारत असेल तर नोझलच्या पाइपचा नट ते एकेक करून किंचित ढिला करतात. पहिला ढिला केला, इंजिन डगमगले: तो सिलिंडर काम करतोय. दुसरा, तिसरा तसेच. चौथा ढिला केला आणि आवाजात काहीच फरक पडला नाही, की बोट तिथे थांबते: हाच मेलेला. सगळी तपासणी चहा निवायच्या आत आटोपते. मी हे जवळून अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी तितकाच थक्क झालो आहे. एवढी अचूक, फुकटची, यंत्राशिवायची परीक्षा आपल्या भाषेत कुठेच नोंदलेली नसावी, याची मला खंत वाटते.

म्हणून माझ्या कल्पनेतल्या संकेतस्थळावर आवाजांचे दालन असेल. निरोगी प्यूजो, निरोगी एमडीआय, एक सिलिंडर मेलेले इंजिन, घासलेली क्लचची बेअरिंग, बुश गेलेले पाटे. प्रत्येक आवाज अर्ध्या मिनिटाचा, खाली दोन ओळी: कधी येतो, आधी काय तपासायचे, गाडी चालवत घरी नेता येईल की जागीच थांबवायची. हिशोबही सोपा आहे. साध्या दर्जाचा अर्ध्या मिनिटाचा आवाज सुमारे १२० केबीत बसतो, तेवढ्याच वेळाच्या व्हिडिओला कित्येक एमबी लागतात. नटच्या परीक्षेखाली मात्र ठळक अक्षरांत इशारा हवा: फवाऱ्यापुढे हात धरायचा नाही, नोझलच्या दाबाने डिझेल कातडीत घुसते आणि मग दवाखाना गाठावा लागतो. जिवाशी संबंधित ओळ लेखाच्या तळाशी लपवणे हा रचनेतला गुन्हा आहे.

आवाजाइतकाच माझा जिव्हाळ्याचा दुसरा विषय म्हणजे शोधण्याची चौकट. ‘गिअर’ कुणी गियर लिहितो, कुणी गेअर. लीफ स्प्रिंगला गॅरेजात पाटे म्हणतात, कुणी कमानपाटे म्हणतो. संकेतस्थळाने या सगळ्यांना एकाच पानावर नेले पाहिजे. त्याहून बारीक अडचण ‘ऑइल’ची. यातला ‘ऑ’ एका चिन्हानेही लिहिता येतो आणि ‘आ’वर चंद्र देऊनही. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ती दोन वेगळी अक्षरे असतात. एकाने एका पद्धतीने लेख लिहिला, दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधला, की उत्तर येते ‘काहीही सापडले नाही’. तीच गत ‘दुसऱ्या’ची: त्यातला आडवा र नीट न उमटवता रफार देऊन लिहिणारे पुष्कळ आहेत. बनवणाऱ्याने ही जुळवणी पडद्यामागे एकदा करून ठेवली की वाचणाऱ्याला तिची कधी जाणीवही होत नाही.

अक्षरांचा विषय निघालाच आहे तर र. कृ. जोशी यांचे नाव घ्यायलाच हवे. मुंबईत काम केलेल्या या अक्षरकाराने ‘मंगल’ हा फॉन्ट घडवला आणि संगणकावरची देवनागरी घराघरांत पोहोचली. आज मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’, ‘बलू’ हे फॉन्ट कुणालाही विनामूल्य वापरता येतात. पानाच्या संकेतात भाषा मराठी अशी नोंदवली, तर चांगले फॉन्ट ल आणि श यांची आपली मराठी वळणे आपोआप दाखवतात. ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो.

आता सुट्या भागांकडे वळू. ताडोबाला गेलो की वाघाइतकेच माझे लक्ष जिप्सींकडे असते. मोहर्लीच्या गेटवर पहाटे त्यांची रांग लागते. मारुतीने १९८५मध्ये आणलेली ही गाडी २०१९मध्ये बंद झाली, तरी जंगलात तिचे राज्य टिकून राहिले: हलकी, उघडी आणि पेट्रोलची असल्यामुळे शांत. सुरुवातीचे इंजिन ९७० सीसीचे, नंतरचे १,२९८ सीसीचे, आणि हे दुसरे एस्टीमच्याच घराण्यातले. एस्टीमचा कोणता पार्ट जिप्सीला चालतो हे तिथले ड्रायव्हर तोंडपाठ सांगतात. कारखाना बंद झालेल्या गाडीसाठी ‘कशाला काय बसते’ हा तक्ता सोन्याच्या मोलाचा आहे. संकेतस्थळावर तो चढवताना प्रत्येक ओळीपुढे लिहावे: बसवून पाहिले, की नुसते ऐकले. एवढ्या एका रकान्याने विश्वास तयार होतो.

कागदपत्रांचेही एक पान लागेल. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१मध्ये व्हिंटेज नोंदणीची सोय केली आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे. अशा गाडीला रोज रस्त्यावर धावायची मुभा नसते, हे अर्ज करण्याआधी वाचकाला कळले पाहिजे.

संकेतस्थळ बांधणारी हुशार मुले आता गडचिरोलीतही आहेत, चंद्रपुरातही. त्यांना माझे सांगणे आहे की रंग आणि बोधचिन्ह ठरवण्याआधी आठवडाभर एखाद्या गॅरेजात बसा. लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. तीच तुमच्या पहिल्या पानाची अनुक्रमणिका. वाचकांनाही विनंती आहे. या दिवाळीत घरच्या जुन्या गाडीचे फोटो काढा, आर.सी. बुक शोधून ठेवा, तिच्या इंजिनाचा अर्ध्या मिनिटाचा आवाज फोनमध्ये भरून घ्या आणि तिला इतकी वर्षे चालती ठेवणाऱ्या मिस्त्रीशेजारी बसून तो जे सांगेल ते वहीत उतरवा. संकेतस्थळ पुढच्या वर्षीही बांधता येईल; म्हाताऱ्या मिस्त्रींकडची माहिती मात्र याच वर्षी लिहून घ्यायला हवी.