नोकरी गेली, आता कुरिअरचा धंदा घ्यावा काय?

नोकरी गेली की माणसाची झोप जाते. घरात खाणारी तोंडे तेवढीच राहतात. पगार मात्र येत नाही. अशा वेळी हातात चार पैसे असले, तर माणूस घाई करतो. काहीतरी केले पाहिजे, असे त्याला वाटते. ते खरेच आहे. पण काय करायचे, हे ठरवताना डोके शांत हवे.

समजा, कराडच्या बाजूचा एक गडी आहे. आपण त्याला नुसते भाऊ म्हणू. तो चाकणच्या एका कारखान्यात ११ वर्षे कायम कामगार होता. पगार महिना ३०,००० रुपये. कारखान्याचे काम कमी झाले. कामगारांची कपात झाली. त्यात भाऊ घरी आला.

कपात करून कामगाराला काढले, तर कायद्याने त्याला भरपाई मिळते. दर पुऱ्या वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, असा तिचा हिशेब असतो. एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याबद्दल एक महिन्याचा पगार मिळतो. नोकरी सलग ५ वर्षे झाली असेल, तर ग्रॅच्युइटीही मिळते. भाऊला हे सगळे मिळून ४ लाखांच्या आसपास आले.

चार लाख! एवढी रक्कम भाऊने एकदम कधी पाहिली नव्हती. पण हे पैसे एकदाच येतात. पुन्हा येत नाहीत. ११ वर्षांच्या घामाचे ते पैसे. थोरली मुलगी बारावीला होती. पुढच्या वर्षी तिची फी भरायची होती.

एके दिवशी भाऊच्या मोबाईलवर एक जाहिरात आली. 'कुरिअरची फ्रँचायझी घ्या. फक्त ३ लाख भरा. महिना ५०,००० कमवा.'

भाऊची छाती फुलली. तो बायकोला म्हणाला, "आता दुसऱ्याची चाकरी न्हाई. आपण मालक व्हायचं!"

बायको म्हणाली, "व्हा की. पण आधी पोस्टमनमामांना इचारा. त्यांचा जन्म टपाल वाटण्यात गेला."

पोस्टमनमामा पेन्शनीत निघालेले. संध्याकाळी ते ओट्यावर आले. भाऊने सगळे सांगितले. मामांनी चहा घेतला आणि विचारले, "फ्रँचायझी म्हंजे काय रे भाऊ?"

भाऊ म्हणाला, "कंपनीचं हापिस आपण चालवायचं."

"बरोबर. पण नाव कंपनीचं, घाम तुझा. दुकानाचं भाडं तुझं, गडी तुझा, गाडीतलं पेट्रोल तुझं. पगार देणारं कुणी न्हाई. जेवढं काम, तेवढं कमिशन."

मग मामांनी पार्सलाचा प्रवास समजावून दिला.

कराडचा माणूस नागपूरला पार्सल पाठवतो. तो कुरिअरच्या दुकानात येतो. पार्सलाचे वजन होते. तो पैसे भरतो. याला बुकिंग म्हणतात. मग पार्सल गाडीने मोठ्या केंद्रावर जाते. तिथे पिनकोड बघून निवड होते. ते नागपूरला जाते. तिथला माणूस ते घरी पोचवतो. याला डिलिव्हरी म्हणतात. गिऱ्हाइकाने दिलेल्या पैशांत या सगळ्यांचा वाटा असतो. शेवटी फ्रँचायझीवाल्याच्या हातात थोडेच उरते.

पिनकोड म्हणजे पत्त्यातला सहा आकड्यांचा नंबर. तो टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू केला. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाची ती कल्पना. आज कुरिअर कंपन्याही त्याच आकड्यांवर चालतात. फ्रँचायझी देतानाही बहुधा पिनकोडच दिले जातात. एवढे पिनकोड तुझे, असे सांगतात.

"मग तेवढ्या गावांतली सगळी पार्सलं माझीच की," भाऊ म्हणाला.

मामा हसले. "इथंच माणूस फसतो. ऑनलाइन दुकानांची पार्सलं गावोगाव येतात, ती तू बघतोस. पण मोठी दुकानं सोताची माणसं ठेवून माल पोचवतात. स्पीड पोस्ट तर १९८६ पास्नं हाय. दुसऱ्या कुरिअर कंपन्या हायतच. त्यांतनं उरलं, ते तुझं. ते किती, हे कुणी मोजलंय?"

भाऊ गप्प झाला.

मामांनी मुलीची वही मागितली. म्हणाले, "चल, हिशेब मांडू. आकडे आपण समजुतीसाठी घेऊ. खरे आकडे तू तालुक्याला जाऊन आण."

समजा, एक पार्सल घरी पोचवले की १४ रुपये मिळतात. रोज ४० पार्सले पोचली. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले. ४० गुणिले २६ म्हणजे १,०४० पार्सले. त्यांचे १४,५६० रुपये झाले.

समजा, रोज १० पार्सलांचे बुकिंग झाले. एका बुकिंगमागे २० रुपये सुटले. महिन्याला २६० बुकिंग. त्यांचे ५,२०० रुपये झाले.

एकूण मिळकत १९,७६० रुपये.

आता खर्च. दुकानाचे भाडे ४,०००. एका गड्याचा पगार ९,०००. पेट्रोल ४,५००. वीज, फोन आणि इंटरनेट १,५००. किरकोळ १,०००. एकूण खर्च २०,००० रुपये.

१९,७६० मधून २०,००० वजा केले. भाऊची पेन्सील थांबली.

"मामा, हितं तर २४० रुपये पदरचं गेलं!"

"आणि तुझी मजुरी?"

"ती धरलीच न्हाई."

"आणि भरलेल्या तीन लाखांचं व्याज?"

"तेबी न्हाई."

मामा म्हणाले, "घरी १२,००० न्यायचे असतील, तर मिळकत ३२,००० पाहिजे. बुकिंग रोज १० धरलं, तर डिलिव्हरी रोज ७५ च्या आसपास पाहिजे. जास्त गावं फिरलास, की पेट्रोल आणखी वाढलं. आता सांग, तेवढी पार्सलं येतील काय?"

हाच खरा प्रश्न होता. जाहिरातीत ५०,००० लिहिले होते. रोज किती पार्सले येतात, ते लिहिले नव्हते.

मंडळी, या धंद्यात आणखी काही खाचखळगे आहेत. तेही समजून घेऊ.

पहिला खळगा वजनाचा. कुरिअरमध्ये काट्यावरचे वजन असते, तसे मापाचेही वजन असते. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजतात. तिन्हींचा गुणाकार करतात. त्याला सहसा ५,००० ने भागतात. जे येईल ते किलो. समजा, उशांचे खोके ५० लांब, ४० रुंद, ३० उंच आहे. गुणाकार ६०,००० आला. भागिले ५,००० म्हणजे १२ किलो. काट्यावर ते खोके २ किलोच भरेल. पण कंपनी पैसे १२ किलोचे लावील. गिऱ्हाइकाकडून २ किलोचे घेतले, तर फरक आपल्या खिशातून जातो.

दुसरा खळगा रोकडीचा. काही माल पोचल्यावर गिऱ्हाईक दारात पैसे देते. संध्याकाळी गल्ल्यात वीस-पंचवीस हजार दिसतात. ते आपले नसतात. ते कंपनीला भरायचे असतात. त्यातले घरखर्चाला घेतले, तर कमिशनातून किंवा अनामतीतून कापले जातात.

तिसरा खळगा परत जाणाऱ्या मालाचा. गिऱ्हाईक घरी नाही. पत्ता चुकला. माल नको म्हणाले. फेरी झाली, पेट्रोल जळले. अशा फेरीचे पैसे मिळतात की नाही, ते आधी विचारावे.

चौथा खळगा उधारीचा. दुकानदार म्हणतो, 'पैसे महिन्याने देतो.' कंपनी थांबत नाही. तिचे पैसे वेळेवर भरावे लागतात.

भाऊने दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसाकडून करारनामा मागितला. तो म्हणाला, "आधी २५,००० भरून जागा धरा. करारनामा नंतर." भाऊ म्हणाला, "आधी कागद, मग पैसे." मग मोबाईलवर कागद आला. मुलीने तो वाचून सांगितला.

तीन लाखांपैकी दीड लाख फी होती. ती परत मिळणार नव्हती. एक लाख अनामत होती. ती सोडून गेल्यावर, सगळा हिशेब मिटल्यावर मिळणार होती. पन्नास हजार पाटी, वजनकाटा, संगणक आणि प्रिंटर यांचे होते. पुढे एक कलम होते: कमिशनाचा दर कंपनी केव्हाही बदलू शकेल. आणखी एक होते: त्याच भागात कंपनी दुसरा माणूसही नेमू शकेल.

बायको चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "अहो, दर त्यांनी बदलायचा, माणूस त्यांनी नेमायचा. मग तुम्ही मालक कशाचे?"

भाऊला उत्तर सुचले नाही.

तो आठ दिवस तालुक्याला गेला. कुरिअरच्या दुकानांसमोर बसून त्याने पार्सले मोजली. दोन फ्रँचायझीवाल्यांशी बोलला. ज्याने धंदा सोडला होता, त्यालाही भेटला. धंदा चालतो त्याच्यापेक्षा, सोडला त्याने जास्त शिकवले. त्याची अनामत अडकली होती.

पण एक दुकान चांगले चालले होते. ते का, हेही भाऊने पाहिले. तो झेरॉक्सचे दुकान आधीपासून चालवत होता. भाडे त्यातूनच निघे. घरची माणसे कामाला होती. आणि बाजारातले व्यापारी त्याच्याकडून रोज माल बाहेर पाठवत. जिथून माल बाहेर जातो, तिथे बुकिंग मिळते. येवल्याची पैठणी, कोल्हापूरची चप्पल अशी लांबवर जाते. पण आपल्या गावातून काय जाते? हे ज्याने त्याने बघावे.

भाऊने तीन लाख भरले नाहीत. तो त्या झेरॉक्सवाल्याकडे डिलिव्हरीच्या कामाला लागला. पगार चाकणच्या पगाराहून कमी. पण चार लाख जागेवर राहिले. मुलीची फी बाजूला ठेवली. तो म्हणतो, "सहा महिनं काम शिकीन. पार्सलं मोजीन. मग पटलं, तर बघीन."

तेव्हा मंडळी, कुरिअरचा धंदा वाईट नाही. कित्येक घरे त्यावर चालतात. वाईट आहे ते न मोजता पैसे भरणे. टपाल खातेही फ्रँचायझी देते. तिची चौकशी आपल्या टपाल कचेरीत करता येते. दोन्हीकडचे हिशेब मांडावेत, मग ठरवावे.

आणि सावध राहा. कंपनीच्या नावाने ठकही फोन करतात. 'आजच भरा, उद्या जागा जाईल,' असे कोणी म्हटले, तर आजच भरू नका. एखाद्या माणसाच्या खासगी खात्यात पैसे पाठवू नका. कंपनीच्या कचेरीत स्वतः जाऊन खात्री करा. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या नंबरावर फोन करा. हा सरकारी नंबर आहे.

पैसे भरण्यापूर्वी हे प्रश्न विचारा:

१. माझ्या भागात या कंपनीची रोज किती पार्सले येतात? मी स्वतः मोजली काय?
२. एका पार्सलामागे मला किती मिळते? परत गेलेल्या पार्सलाचे काय?
३. महिन्याचा खर्च किती? त्यात माझी मजुरी धरली काय?
४. भरलेल्या पैशांपैकी किती परत मिळतील? केव्हा?
५. माझ्या आधी इथे कोणी हा धंदा केला होता काय? त्याने का सोडला?
६. सहा महिने काही मिळाले नाही, तर घर कशावर चालेल?

ही उत्तरे वहीत लिहा. घरच्या माणसांना वाचून दाखवा. आपल्याला आता लिहिता-वाचता येते. मग तीन लाखांच्या कागदावर न वाचता सही कशाला करायची?