शस्त्राविना शुश्रूषा : ओकिनावा ते हेमलकसा

धर्मश्रद्धेमुळे शस्त्र हाती घेण्यास नकार देणारा, परंतु जखमींच्या सेवेसाठी सैन्यात दाखल होणारा सैनिक म्हणजे काय, हे अमेरिकेच्या डेस्मंड डॉसने १९४५ मध्ये ओकिनावाच्या लढाईत दाखवून दिले. बंदुकीला हातही न लावता त्याने कड्यावरून सुमारे ७५ जखमींना दोराने खाली उतरवले.

हेमलकसा हे याचे महाराष्ट्रातील तंतोतंत नाही, मात्र निश्चितच जवळचे उदाहरण आहे. भामरागड तालुक्यातील या गावी बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि पुढे नक्षलवादी व पोलीस यांच्या संघर्षाने वेढलेल्या या मुलखात डॉ. प्रकाश आमटे व भूलतज्ज्ञ डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंड आदिवासींची शुश्रूषा चालू ठेवली. अस्वलाने चेहरा फाडलेल्या रुग्णाला, वीज नसताना, टाके घालावे लागत, ही तिथली रीत होती!

डॉसजवळ निदान गणवेश आणि पाठीशी सैन्य होते. हेमलकशात दोन्ही नव्हते, हा भेद सहसा दुर्लक्षिला जातो. तरी जखमींची शुश्रूषा हे केवळ सेवाभावाचे काम नाही : १९४९ च्या जिनिव्हा करारांतील सामायिक तिसरे कलम, जे देशांतर्गत सशस्त्र संघर्षाला लागू होते, जखमी व आजारी व्यक्तींना गोळा करून त्यांची शुश्रूषा करण्याचे बंधन संघर्षातील सर्व पक्षांवर घालते.