ओझे ओढणारा सांधा : ट्रॉलीची पिन ते ट्रेलरचे 'पाचवे चाक'

राजूर (जि. जालना) : जालना-भोकरदन मार्गावरील राजूर हे गाव राजुरेश्वर गणपतीमुळे राज्यभर परिचित आहे. अंगारकी चतुर्थीला येथे भाविकांची रीघ लागते. एरवी या परिसरातील रस्त्यांवर राज्य असते ते ट्रॅक्टर-ट्रॉलीचे. कापूस, मका, खत, मुरूम, विटा असे सारे काही ट्रॉलीतून जाते. जालन्याच्या दिशेने गेल्यास पोलाद कारखान्यांच्या सळया वाहणारे लांबलचक ट्रेलर दिसू लागतात. वाहने निराळी असली, तरी पुढे इंजिन, मागे ओझे आणि मध्ये एक सांधा ही रचना सर्वत्र सारखीच. ट्रॅक्टर घेताना अश्वशक्ती विचारली जाते, डिझेल किती लागते ते विचारले जाते, टायरही बोटाने चाचपून पाहिले जातात. ट्रॉली नेमकी कशाला आणि कोठे अडकवायची, हा प्रश्न मात्र बहुधा गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात सोडवला जातो. वास्तविक चालकाचा जीव याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो.

मागच्या वाहनाचे वजन पुढच्या वाहनावर किती पडते आणि ते नेमके कोठे पडते, यावरून सांधा ठरतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्येही हाच भेद केलेला आहे. जे ओढले जाते तो ट्रेलर. ज्याचा काही भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकलेला असतो आणि ज्याच्या वजनाचा काही हिस्सा ते वाहन उचलते, तो सेमी-ट्रेलर. चार चाकांच्या ट्रॉलीचा पुढचा आस दांडीबरोबर वळतो. तिचे वजन तिच्याच चाकांवर राहते, ट्रॅक्टरला फक्त ओढावे लागते. दोन चाकांची ट्रॉली मात्र आपल्या वजनाचा एक वाटा हुकावर टाकते. हा वाटा अगदीच वाईट नसतो. त्याने ट्रॅक्टरची मागची चाके जमिनीला दाबली जातात आणि पकड वाढते. बिघडते ते प्रमाण चुकल्यावर.

एक साधा हिशेब पाहता येईल. ट्रॅक्टरचे वजन दोन हजार किलो, त्यातील ८०० किलो पुढच्या चाकांवर आणि १,२०० किलो मागच्या चाकांवर आहे, असे समजू. पुढच्या व मागच्या आसातील अंतर दोन मीटर, तर हूक मागच्या आसापासून ७० सेंटिमीटर मागे. या हुकावर एक हजार किलो भार पडला, की मागचा आस टेकूसारखा काम करतो आणि पुढच्या चाकांवरील ३५० किलो भार उचलला जातो. पुढे उरतात ४५० किलो. हुकावरचा भार दीड हजार किलो झाला, तर पुढे उरतात जेमतेम २७५. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या किमान २० टक्के, म्हणजे येथे ४०० किलो, पुढच्या चाकांवर राहावेत असा सर्वसाधारण संकेत आहे. त्याखाली गेल्यास स्टिअरिंग फिरते, परंतु ट्रॅक्टर वळेलच याची शाश्वती राहत नाही. चालक याला 'पुढून हलका झाला' असे म्हणतात. चढावर पुढची चाके उचलली जाताना अनेकांनी पाहिलेली असतात, आणि क्वचित त्याचे कौतुकही होते!

ओझे मागे सरकवून हा प्रश्न सुटेल, असे वाटणे साहजिक आहे. तथापि ओझे ट्रॉलीच्या आसाच्या फार मागे गेले, की दांडी हुकाला वर ढकलू लागते. ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात, पकड सुटते आणि वेगात ट्रॉली डावी-उजवीकडे डोलू लागते. त्यामुळे ट्रॉली भरताना ओझ्याचा मध्य आसाच्या किंचित पुढे ठेवणे, हाच मार्ग उरतो.

हूक किती उंचीवर?

ट्रॅक्टरच्या मागे ओढण्यासाठी अनेक जागा असतात, आणि गोंधळाला सुरुवात तेथूनच होते. गिअरपेटीच्या तळाशी घट्ट बसवलेला ड्रॉबार असतो. त्याच्यावरच्या बाजूला, अनेक भोकांच्या कमानीत खाली-वर सरकवता येणारा ट्रॉलीचा हूक असतो. अवजारांसाठी तीन बाहूंचे लिंकेज असते आणि त्यातील खालच्या दोन बाहूंमध्ये भोकांची आडवी पट्टी बसवता येते. ही पट्टी हलक्या अवजारांसाठी असते. भरलेली ट्रॉली तिला जोडल्यास हायड्रॉलिकचा दांडा हलताच ओढण्याची उंची बदलते. सर्वांत धोकादायक जागा म्हणजे टॉप लिंकची, कारण ती मागच्या आसाच्या मध्यापेक्षा वर असते.

यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. ओढाची रेषा मागच्या आसाच्या खाली असली, तर चाकांवर जोर आल्यावर ट्रॅक्टर जमिनीला अधिक चिकटतो. तीच रेषा आसाच्या वर गेली, की ओझे ट्रॅक्टरला मागे ओढते आणि इंजिनचा जोर त्याचे नाक वर करतो. ट्रॉली चिखलात रुतलेली असताना क्लच झटकन सोडला, तर ट्रॅक्टर मागच्या आसाभोवती फिरून चालकावर उलटतो. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते, ब्रेक दाबायलाही अवसर मिळत नाही. रुतलेले वाहन टोचन करून काढतानाही हेच होते. साखळी हाताला सोपी म्हणून वर बांधली जाते, तेथेच घात होतो. साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच बांधावी.

यावरून ट्रॉलीच्या दांडीची उंची ट्रॅक्टरच्या हुकाप्रमाणे ठरली पाहिजे, उलट नव्हे. जुनी ट्रॉली नव्या ट्रॅक्टरला जोडताना दांडी उंच पडते, म्हणून हूकच वरच्या भोकात सरकवण्याची पद्धत सर्रास दिसते. ती सोयीची आहे. सुरक्षित नाही.

सळईची पिन

हूक कितीही चांगला असला, तरी साऱ्या ओझ्याचा ताण अखेर एका पिनवर येतो. ही पिन ताणली जात नाही, ती दोन बाजूंनी कातरली जाते. म्हणूनच तिचा पोलाद, जाडी आणि कुलूप या तिन्ही गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. जालना जिल्ह्यात सळईला तोटा नाही आणि पिन हरवली की सळईचा तुकडा वाकवून घालण्याचा मोह आवरत नाही. बांधकामाची सळई काँक्रीटमध्ये गाडून घेण्यासाठी बनवलेली असते. तिच्या अंगावरचे उभार भोकात सर्वत्र सारखे टेकत नाहीत, मोजक्या जागी भार एकवटतो आणि प्रत्येक हिसक्याबरोबर झीज वाढते. भोकापेक्षा पिन बारीक असेल, तर गाडी सुटताना आणि थांबताना जो 'खट्' आवाज येतो, तो प्रत्येक वेळी एका हातोड्याचा घाव असतो. दांडीचे गोल कडे कालांतराने लांबट होते. ते तसे दिसले, की वेल्डिंगचा थर चढवण्याऐवजी कडेच बदलणे श्रेयस्कर.

खड्ड्यात पिन उसळून वर येऊ नये यासाठी तळाशी क्लिप किंवा कॉटर पिन हवी. त्यालाच जोडून ट्रॉली आणि ट्रॅक्टर यांच्यात एक वेगळी सुरक्षा साखळी हवी. पिन तुटली तरी दांडी जमिनीत न रुतता साखळीवर तोलली जाते. ही साखळी ट्रॉलीच्या किमतीच्या मानाने नगण्य खर्चाची आहे, तरीही ती क्वचितच दिसते.

उसाच्या हंगामात तर एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात. अंबड तालुक्यातील अंकुशनगरच्या समर्थ सहकारी साखर कारखान्यासारख्या ठिकाणी गाळप सुरू झाले, की अशा जोड ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. येथे पहिल्या सांध्यावर दोन्ही ट्रॉल्यांचा ओढ येतो, हे लक्षात घ्यायला हवे. एका ट्रॉलीच्या हिशेबाने घेतलेली पिन दोन ट्रॉल्यांना पुरत नाही. त्यात ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसले, तर उतारावर सारे ओझे मागून ट्रॅक्टरला ढकलते आणि सांध्यात दोन्ही वाहने कात्रीसारखी मिटतात.

ट्रॉलीत माणसे बसली, की हा सारा हिशेब अधिकच गंभीर होतो. मालवाहू वाहनातून प्रवासी नेणे कायद्याला मान्य नाही, तरी जत्रा-यात्रांना आणि शेतमजुरीला ट्रॉलीच वापरली जाते. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात मजुरांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि सात महिलांचा मृत्यू झाला. कानपूरजवळ १ ऑक्टोबर २०२२ रोजी देवदर्शनाहून परतणाऱ्या भाविकांची ट्रॉली उलटून पंचवीसहून अधिक जण दगावले. ट्रॉलीला ना आसने, ना छत, ना पकडायला काही. हूक कितीही उत्तम असला, तरी ती माणसांसाठी नाही.

'पाचवे चाक' म्हणजे काय?

जालन्याहून सळया घेऊन निघणाऱ्या ट्रेलरचा सांधा वेगळा असतो. त्याला 'फिफ्थ व्हील' म्हणतात. नाव घोडागाडीच्या काळातले आहे. चार चाकांच्या बग्गीत पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवे लोखंडी कडे बसवलेले असे, तेच पाचवे चाक. आज त्या जागी ग्रीस लावलेली जाड थाळी असते आणि ट्रेलरच्या पोटाखालची किंगपिन तिच्या जबड्यात अडकते. ओढणाऱ्या डोक्याला वाहतूक व्यवसायात 'घोडा' म्हणण्याची प्रथा आहे. बग्गीची आठवण अशीही टिकून आहे.

या रचनेचा फायदा वरच्या हिशेबाशी ताडून पाहावा. थाळी मागच्या आसावर किंवा त्याच्या किंचित पुढे असते. आसांमधील अंतर तीन मीटर आणि थाळी आसाच्या २० सेंटिमीटर पुढे असेल, तर एक टन भारापैकी सुमारे ९३३ किलो मागच्या आसावर आणि ६७ किलो पुढच्या आसावर जातात. ट्रॅक्टरच्या हुकावर याच एक टनाने पुढची चाके ३५० किलोंनी हलकी केली होती, येथे ती जड होतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने वाहनांची आसभार मर्यादा वाढवली. त्यानंतर एकूण ५५ टनांपर्यंतचे ट्रेलर रस्त्यावर आले. त्यांना हाच सांधा पेलू शकतो.

थाळी घेताना किंगपिनचा आकार आधी पाहावा लागतो. दोन इंची आणि साडेतीन इंची असे तिचे दोन प्रचलित प्रकार आहेत आणि एकाचा जबडा दुसऱ्याला चालत नाही. थाळीच्या पट्टीवर दोन मर्यादा कोरलेल्या असतात, एक ओढाची आणि एक वरून पडणाऱ्या भाराची. दोन्ही पाळाव्या लागतात, सोयीची तेवढीच नव्हे.

अमेरिकेत हाच सांधा पिकअपच्या हौद्यात बसवून लोक चाकांवरची घरे ओढतात. इंटरनेटवरील चित्रफिती पाहून आपल्याकडील पिकअपलाही तसे करता येईल का, असा प्रश्न अनेकांना पडतो. अशा ट्रेलरचा १५ ते २५ टक्के भार थाळीवर येतो. पाच टनांचा ट्रेलर असेल, तर सव्वा टनापर्यंत. येथील पिकअपची भारवहन क्षमता साधारण सव्वा ते दोन टन असते, म्हणजे कागदावर हे जमते. मात्र उरलेले पावणेचार टन ओढायचे आणि उतारावर थांबवायचे कोणी? अमेरिकेतील मोठ्या पिकअपच्या बाबतीत उत्पादक ओढण्याची आणि दोन्ही वाहनांच्या एकत्रित वजनाची मर्यादा लिहून देतो, आणि मोठ्या ट्रेलरला स्वतःचे विद्युत ब्रेक असतात. थाळीही हौद्याच्या पत्र्यावर नव्हे, चासीच्या दांड्यांना आवळलेली असते. हौदा आखूड असल्यास वळणावर ट्रेलरचा कोपरा केबिनवर आदळतो, म्हणून तेथे मागे सरकणारी थाळी घ्यावी लागते. आपल्याकडे उत्पादकाने ओढण्याची मर्यादा दिलेली नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल नियमबाह्य ठरू शकतो आणि अपघातानंतर विम्याचा दावाही अडचणीत येतो. पिकअपवाल्याने या वाटेला न जाणेच बरे.

ट्रेलर जोडल्यावर चालकाने करायची एक तपासणी मात्र सर्वांना लागू आहे. ट्रेलरचे ब्रेक लावून घोडा हळूच पुढे ओढून पाहायचा. नंतर खाली उतरून, विजेरी घेऊन थाळीखाली डोकवायचे. थाळी आणि ट्रेलर यांच्यात फट दिसता कामा नये, आणि जबडा किंगपिनच्या मानेभोवती मिटलेला असावा. फट दिसली, तर पिन जबड्याच्या वर टेकलेली असते. असा ट्रेलर सरळ रस्त्यावर काही अंतर निमूटपणे येतो आणि पहिल्याच वळणावर सुटतो. ट्रॉलीवाल्यासाठी तपासणी त्याहून सोपी आहे. पिन हाताने उचलून पाहायची. ती वर आली, तर क्लिप बसलेली नाही.