कार्पेंटर मावशी आणि आनंदीबाई

क्वेकर हा सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयास आलेला ख्रिस्ती पंथ होय. प्रत्येकाच्या अंतःकरणात ईश्वरी प्रकाश असतो या श्रद्धेपोटी या पंथाने पुरोहितवर्ग नाकारला आणि त्याच श्रद्धेतून फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी १७७६ मध्ये आपल्या सभासदांना गुलाम बाळगण्यास मनाई केली. याच परंपरेतील डॉ. बार्थोलोम्यू फसेल हे पळून आलेल्या गुलामांना घरात आसरा देत. स्त्रियांनाही वैद्यकी शिकता यावी म्हणून १८५० मध्ये फिलाडेल्फियात जे महाविद्यालय निघाले, त्यामागे त्यांची प्रेरणा आणि क्वेकरांचा आधार होता. त्या महाविद्यालयाच्या दारापर्यंत एका मराठी मुलीला नेले ते पत्रांतून जुळलेल्या मैत्रीने.

ती मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. कल्याण हे त्यांचे माहेर आणि पुणे हे त्यांच्या मृत्यूचे ठिकाण. अलिबागेतही पतीच्या बदलीमुळे त्यांचा काही काळ गेला. पती गोपाळराव टपालखात्यातच नोकरीला असल्याने या कथेत पत्रांना मान मिळावा, हे ओघानेच आले. पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागणारे पत्र त्यांनी १८७८ मध्ये वाइल्डर या मिशनऱ्याला लिहिले. त्याने धर्मांतराची अपेक्षा सूचित केली, मात्र तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला.

१८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे ताटकळत बसल्या असताना तो अंक चाळला आणि धर्माची कोणतीही अट न घालता थेट आनंदीबाईंना पत्र घातले. पुढे तीन वर्षे दोघींनी एकमेकींना पाहिलेही नसताना बालविवाह, चालीरीती आणि घरगुती सुखदुःखे यांवर मोकळेपणाने लिहिले, आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या आणि त्यांची प्रकृती ढासळल्याचे कळताच मावशींनी अमेरिकेहून औषधे धाडली. पत्नीला शिकवायचेच या गोपाळरावांच्या हट्टाची कहाणी मराठी वाचकाला पाठ आहे. या पत्रांचे श्रेय मात्र तितके मोजले जात नाही.

१८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई पतीशिवाय समुद्रापार गेल्या आणि प्रथम उतरल्या त्या मावशींच्याच घरी. ११ मार्च १८८६ रोजी त्या फिलाडेल्फियाच्या त्याच महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी मावशींकडे पाठवल्या आणि त्या न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर घराण्याच्या दफनभूमीत विसावल्या. गुलामगिरीविरोधी चळवळीत वावरलेल्या कॅरोलिन हीली डॉल यांनी १८८८ मध्ये आनंदीबाईंचे इंग्रजी चरित्र लिहिले, तेव्हा त्यांच्यापुढे याच पत्रांचा आधार होता.