रात्रीची कडी

आमच्या मागच्या दाराची कडी जुनी. कितीही हळू काढली तरी वाजतेच. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत ती रात्रीतून चार-चार, पाच-पाच वेळा वाजायला लागली. मामंजी उठत होते. वय बहात्तर. मी यांना म्हटलं, "अहो, विचारा ना काय होतंय." हे म्हणाले, "वय झालंय, त्यात थंडी. विचारायचं काय?"

आता सुनेनं सासऱ्यांना लघवीबद्दल कसं विचारावं? बचत गटाच्या बायकांना "अंगावरून जात असेल तर लाजू नका, बोला" असं सांगत फिरणारी मी, घरात मात्र गप्प! दिसत सगळं होतं. त्यांचा संध्याकाळचा चहा बंद झाला. एस.टी. मध्येच थांबवता येत नाही, म्हणून लग्नकार्य टाळलं, कार्तिकीला पंढरपूरही चुकवलं. धोतर स्वतःच धुऊन वाळत घालू लागले. त्यातच कंबर धरली, आणि त्यांनी मनाशी निकाल लावून टाकला. गल्लीतल्या एका गुरुजींचं दुखणं असंच कंबरेपासून सुरू झालं होतं आणि ते प्रोस्टेटच्या कॅन्सरनं गेले. सासूबाईंना एवढंच सांगून वर शपथ घातली होती, पोरांना बोलायचं नाही.

मग एकदा सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून गोळी आणून घेतली आणि रात्री लघवी साफ अडली. पोट टम्म, अंगाला दरदरून घाम. पहाटे रिक्षा करून दवाखाना गाठला. नळी घातल्यावर म्हणाले, "सुटलो गं पोरी." सर्दीच्या काही गोळ्यांनी अशी लघवी अडते, हे आम्हाला तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी असते, ती फक्त पुरुषांना. तिच्या मधून लघवीची नळी जाते. पन्नाशीनंतर ग्रंथी वाढते आणि नळी आवळली जाते. ही साधी वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पीएसए नावाची रक्ततपासणी केली, आकडा जास्त आला. मामंजींचा चेहराच उतरला. पण लघवी अडली, जंतुसंसर्ग झाला किंवा साध्या वाढीनंही हा आकडा चढतो. दीड महिन्यानं परत तपासला तर उतरला होता. कंबरेचं दुखणं मणक्याच्या झिजेचं निघालं. आता रात्री एक गोळी असते. कडी वाजते, पण एकदा, फार तर दोनदा.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीच्या घरी मात्र निकाल वेगळा लागला. तिचे मिस्टर चौसष्टचे. आठ महिने कंबर चोळून घेत होते. लघवीची फारशी तक्रारच नव्हती. हा कॅन्सर सुरुवातीला गुपचूप असतो, आणि पसरला की बहुतेक वेळा हाडांत जातो. वयस्क माणसाची कंबर किंवा खुबा रात्री पडूनही ठणकत असेल आणि दुखणं हटत नसेल, तर तेल बाजूला ठेवून तपासायला हवं, हे मी तिच्याकडून शिकले. बार्शीला कॅन्सरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा तो हाडांत उतरला होता. तरी "आता काही उरलं नाही" असं कोणी म्हटलं नाही. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर वाढतो. ते कमी करणारं इंजेक्शन सुरू केलं.

खरा तंटा झाला तो मॉर्फिनच्या गोळीवरून. "अफूच ती, व्यसन लागेल," म्हणून सासूनं गोळ्या कपाटात कुलपात ठेवल्या. अडाणीपणा म्हणू नका. 1985 च्या कायद्यानंतर दवाखान्यांनाही हे औषध मिळवणं मुश्किल होतं, 2014 च्या दुरुस्तीनं ते सोपं केलं. डॉक्टरांनी सासूला समोर बसवून सांगितलं, की वेदनेसाठी मापात दिलेल्या गोळीनं सहसा व्यसन लागत नाही. दुखेपर्यंत थांबायचं नाही, घड्याळ बघून द्यायची. पोट मात्र घट्ट होतं, त्याचं औषध सोबत. तिनं भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेन्सिलीनं वेळा मांडायला सुरुवात केली.

पंधरवड्यानं गटाच्या मीटिंगला आली. डोळे तारवटलेले. मी घाबरूनच विचारलं. म्हणाली, "नाही ताई, ते झोपले रात्रभर. मीच जागी होते, सवयीनं."