मनीऑर्डर थांबली तेव्हा
सिंधुदुर्गातल्या मालवण, देवगड, वेंगुर्ल्यातली कितीतरी घरं मुंबईच्या गिरणीपगारावर उभी होती. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. गावाकडची मनीऑर्डर आटली. मुलांना शिकवून मध्यमवर्गाच्या उंबरठ्यावर पोचलेली कुटुंबं मागे ढकलली गेली.

ही घसरण दारिद्र्यरेषेत मावत नाही. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनुसार २०११-१२ मध्ये देशाची ग्रामीण रेषा माणशी महिना ८१६ रुपये होती. म्हणजे ८१७ रुपये खर्चणारा गरीब नाही! आजारपणात कलमं गहाण टाकणारं चिरेबंदी घर या हिशेबात सुखवस्तूच ठरतं. हे मोजमाप अपुरं आहे.

दारिद्र्यरेषा सांगत नाही ते जनगणना सुचवते. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या वाढली. सिंधुदुर्गाची मात्र ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली.